घर स्वस्त होतं ते नेमकं कुठे? स्वयंसेवकांच्या मदतीने घर बांधणाऱ्या कुटुंबासाठी, अर्जापासून किल्लीपर्यंत

अशा योजनेत अर्ज करायला आलेलं कुटुंब पहिला प्रश्न बहुतेक वेळा दबक्या आवाजात विचारतं: "म्हणजे घर फुकट मिळणार का?" मी काही वर्षं निवड समितीत बसले आहे, त्याआधी साइटवर घमेली उचलली आहेत, त्यामुळे आता आढेवेढे न घेता सांगते. फुकट मिळत नाही. विकत मिळतं, कर्ज काढून, आणि वर शेकडो तास अंगमेहनत करून.

मग स्वस्त कसलं? हा प्रश्न खरा कामाचा. अशा योजनांत घराची किंमत तीन ठिकाणी कापली जाते: मजुरीत, व्याजात आणि जमिनीत. प्रत्येक ठिकाणी सूट मिळते आणि तिच्या शेपटीला एक अट बांधलेली असते. सूट सगळ्यांना दिसते. अट मात्र घर विकायची किंवा हप्ता चुकायची वेळ आली की आठवते. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर दोन्ही सांगत जाते.

आधी आकडेमोड

या पद्धतीचं सगळ्यात ओळखीचं नाव हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी. मिलर्ड आणि लिंडा फुलर या जोडप्याने १९७६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ती संस्था सुरू केली. कल्पना त्याआधीची, तिथल्याच कोइनोनिया फार्म नावाच्या शेतवस्तीवर रुजलेली: घर नफा न घेता विकायचं, कर्जावर व्याज लावायचं नाही, आणि येणारे हप्ते एका फंडात टाकून त्यातून पुढच्या कुटुंबाचं घर उभं करायचं. १९८४ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर न्यूयॉर्कमधल्या एका पडीक इमारतीत हातोडा घेऊन उतरले, त्याचे फोटो जगभर गेले. फोटोंबरोबर एक गैरसमजही गेला, की स्वयंसेवक राबतात म्हणूनच घर स्वस्त होतं.

हिशेब मांडून बघा. चलन कुठलंही धरा. कर्ज १०,००,००० आणि मुदत २५ वर्षं, म्हणजे ३०० हप्ते. व्याज शून्य असेल तर हप्ता ३,३३३. तेच कर्ज ८ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण ७,७१८ पडतो आणि २५ वर्षांत मिळून २३ लाखांच्या वर रक्कम जाते. म्हणजे घराच्या किमतीपेक्षा जास्त पैसे नुसत्या व्याजात. एवढी बचत फुकटच्या मजुरीतून होत नाही. स्वयंसेवक सावकाश काम करतात, सामान वाया घालवतात, त्यांच्यावर पगारी मिस्त्री लागतो, त्यांचा विमा उतरवावा लागतो. ते हवेतच, पण का हवेत ते पुढे सांगते.

आता हप्ता आपल्याला झेपतो का ते बघू. यातल्या बऱ्याच योजना एक मर्यादा पाळतात: घराचा महिन्याचा सगळा खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत. "सगळा" या शब्दाकडे लक्ष द्या. त्यात हप्ता येतो, घराचा कर येतो, विमा येतो. उत्पन्न १५,००० असेल तर ३० टक्के झाले ४,५००. कर आणि विम्याला ९०० बाजूला काढले तर हप्त्याला ३,६०० उरतात. वरचा ३,३३३ चा हप्ता त्यात बसतो. ७,७१८ चा बसवायचा तर उत्पन्न २८,७०० च्या पुढे हवं. तेच कुटुंब, तेच घर, फक्त व्याज बदललं.

म्हणून माहिती घ्यायला जाल तेव्हा "किती तास काम करावं लागेल" याच्या आधी "कर्ज कोण देणार आणि दर काय" हे विचारा. सगळीकडे शून्य टक्के नसतो. काही ठिकाणी संस्था स्वतः कर्ज देते, काही ठिकाणी बँक देते आणि व्याजातला फरक संस्था भरते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ग्रामीण गृहकर्जात उत्पन्नानुसार दर १ टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतो. दर पूर्ण मुदतीसाठी ठरलेला आहे की उत्पन्न वाढलं की वाढणार, हेही तेव्हाच विचारून ठेवा.

पायरी १: कोणत्या साच्याची योजना आहे ते ओळखा

नावं शंभर असतील, साचे साधारण तीनच.

पहिल्यात संस्था घर बांधते, तुम्ही आणि स्वयंसेवक तिच्या साइटवर राबता, आणि शेवटी घर तुमच्या नावावर होतं. हॅबिटॅट या साच्यातली.

दुसऱ्यात बाहेरचे स्वयंसेवक कमी असतात, कुटुंबंच एकमेकांची घरं बांधतात. अमेरिकेत १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांनी हे करून दाखवलं आणि नंतर सरकारने त्याची योजना केली. साधारण ४ ते १० कुटुंबांचा गट, बांधकामातलं निदान ६५ टक्के श्रम गटाचे, आणि एक नियम जो मला फार शहाणपणाचा वाटतो: सगळी घरं पूर्ण होईपर्यंत कोणीही आपल्या घरात राहायला जायचं नाही. माणसाचा स्वभाव ओळखून केलेला नियम आहे. स्वतःच्या घराची किल्ली हातात पडली की शेजाऱ्याच्या छतावर चढायला पाय निघत नाही.

तिसरा साचा सहकारी. उरुग्वेमध्ये १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने त्याला पाठबळ दिलं. तिथे परस्पर-मदतीच्या संस्थांत प्रत्येक कुटुंब आठवड्याला २१ तास देतं असा रिवाज आहे, आणि घरं संस्थेच्या मालकीची राहतात. कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या वापरता येणारा हक्क मिळतो, पण बाजारात विकता येत नाही.

तिन्ही चांगल्या. फक्त आपण कशात शिरतोय ते पहिल्या दिवशी माहीत हवं. विचारायचा प्रश्न एकच: शेवटी कागदावर कोणाचं नाव असणार, घराच्या कागदावर आणि जमिनीच्या कागदावर? दोन्हींचं उत्तर वेगवेगळं येऊ शकतं.

पायरी २: अर्ज

समिती तीन गोष्टी तपासते: घराची गरज, कर्ज फेडायची ताकद आणि राबायची तयारी. पहिल्या दोहोंची खरं तर एकमेकींशी मारामारी असते. फार गरीब दिसलात तर फेडणार कसं, आणि ऐपत दिसली तर गरज कुठे आहे. योजनेची उत्पन्नाची खालची आणि वरची मर्यादा आधी विचारून घ्या. दोन्हींच्या मध्ये बसत नसाल तर अर्जाचा खटाटोप तूर्त वाचवा.

कागद गोळा करायला अर्जाच्या सहा महिने आधी लागा. पगारी माणसाला सोपं असतं: पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा, कराचे कागद. हातावर पोट असलेल्यांची अडचण होते. त्यांना मी एकच सांगते, साधी वही घाला. तारीख, काम, मिळालेली रक्कम. आणि त्यातली जमेल तेवढी रक्कम बँकेत भरत जा, मग ती चार दिवसांनी काढावी लागली तरी चालेल. वहीतला आकडा आणि खात्यातली नोंद जुळायला लागली की समितीतल्या सगळ्यात खडूस माणसाचाही चेहरा सैल होतो.

नावांचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एक आहे का ते बघा. हे क्षुल्लक वाटतं. यापायी महिने जातात.

जुनी कर्जं लपवू नका, ती सापडतातच. नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर तेही सांगा, कारण ते तुमच्याच नावावर मोजलं जातं. आणि मंजुरी मिळाल्याच्या आनंदात हप्त्यावर गाडी किंवा मोठा टीव्ही घेऊ नका. घराच्या सह्या व्हायच्या आधी कर्ज देणारा तुमची पत पुन्हा तपासतो. त्या दोन-चार महिन्यांत वाढलेला एक हप्ता तुम्हाला ३० टक्क्यांच्या रेषेबाहेर ढकलू शकतो.

मग समितीची माणसं सध्याचं राहतं घर बघायला येतात. आमच्याकडे लोक त्या दिवशी घर चकाचक करून ठेवत, ओल आलेल्या भिंतीवर नवं कॅलेंडर टांगत. एका घरात मी ते कॅलेंडर बाजूला केलं तर मागे हाताच्या पंजाएवढा काळा डाग होता आणि घरातल्या बाईंनी मान खाली घातली. कॅलेंडर काढून ठेवा. छत कुठे गळतं, किती माणसं एका खोलीत झोपतात, पाणी कुठून आणावं लागतं, हे दाखवायलाच आम्हाला बोलावलेलं असतं.

पायरी ३: तासांचं खातं

तुमचे श्रम हे या व्यवहारातलं तुमचं भांडवल. किती तास ते योजनेगणिक बदलतं. हॅबिटॅटच्याच काही शाखा २०० च्या आसपास मागतात, काही ५०० पर्यंत जातात. समजा ४०० आहेत. दोन मोठी माणसं दर शनिवारी सहा-सहा तास आली तर आठवड्याला १२ झाले, म्हणजे ३४ आठवडे. आजारपण, सण, पाऊस धरून दहा महिने समजा. दहा महिने एकही मोकळा शनिवार नाही, हे घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून आधी मान्य करायला हवं. मधेच योजना सोडणाऱ्या कुटुंबांची मी पाहिलेली गळती बरीचशी इथे झाली, पैशांपायी कमीच.

तास फक्त विटा उचलण्यानेच भरतात असं नाही. हिशेबाच्या आणि घर-देखभालीच्या वर्गांना बसणं, सामानाची नोंद ठेवणं, स्वयंसेवकांना फोन करणं, दुसऱ्याच्या घरावर काम करणं हेही बहुतेक ठिकाणी धरतात. नातेवाईक आणि मित्रांचे तास तुमच्या खात्यात किती टक्क्यांपर्यंत चालतात ते विचारा. अपंग किंवा आजारी माणसाला बसून करायचं काम मिळतं, ते लेखी मागून घ्या.

आणि हजेरी. एका योजनेत आमच्याच एका कुटुंबाचे सलग तीन शनिवार नोंदलेच गेले नव्हते, कारण सही करणारा देखरेख्या रजेवर होता आणि बदली माणसाला वही कुठे असते ते माहीत नव्हतं. ३६ तास. त्या कुटुंबाला ते पुन्हा भरावे लागले. चूक त्यांची नव्हती, पण पुरावाही त्यांच्याकडे नव्हता. तेव्हापासून मी सांगते: स्वतःची वेगळी वही ठेवा, निघताना सही घ्या आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

पायरी ४: साइट

कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात १९३० च्या दशकात कोळसा खाणकामगारांनी स्वतःची सहकारी वस्ती बांधली, टॉम्पकिन्सव्हिल नावाची. त्यांनी कुदळ उचलायच्या आधी कित्येक महिने एकत्र बसून अभ्यास केला आणि घरांची छोटी मॉडेलं करून पाहिली. तुम्हीही नकाशा हातात आला की मोकळ्या जमिनीवर चुन्याच्या फक्कीने खोल्या आखा आणि त्यात चालून बघा. कपाट उघडलं तर दाराला लागतं का, पलंग कुठे येतो. कागदावरची बदलाबदल फुकट असते, पायानंतरची नसते.

घर कसं आखलंय यावर स्वयंसेवक काय करू शकतील ते ठरतं. वॉल्टर सेगल या वास्तुविशारदाने लंडनच्या लुईशममध्ये लोकांनी स्वतः बांधायची घरं आखली ती बाजारात मिळणाऱ्या फळ्यांच्या मापाने, म्हणजे कापाकापी कमीत कमी. लाकडी सांगाडा, बोल्टने जोडलेला, गिलाव्यासारखं ओलं काम जवळपास नाहीच. ज्याने आयुष्यात करवत धरली नव्हती त्यालाही जमलं. उलट चिलीतल्या इकिके इथल्या किंता मोनरॉय वस्तीत २००४ मध्ये संस्थेने अर्धंच घर बांधून दिलं, पण अवघड अर्धं: सांगाडा, मोरी, स्वयंपाकघर, जिना. सोपा अर्धा भाग कुटुंबांनी सवडीने वाढवला. यातून घ्यायचं ते हे, की पाया, छताचा सांगाडा, वीज आणि नळ हे जाणकाराच्या, जिथे लागतो तिथे परवानाधारकाच्या हाताने होऊ द्या. माती काढणं, विटा-सामान पोचवणं, भिंतीचं साधं काम, रंग, फरशी घासणं, अंगण यांत स्वयंसेवक खपतात.

आखणी तपासायला शिका, ते तुमच्याच हातात आहे. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला एका बाजूला ३ फुटांवर, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट भरलं पाहिजे. मोठ्या खोलीला ६, ८ आणि १० घ्या, चूक लवकर दिसते. चौकोन पूर्ण झाला की दोन्ही कर्ण मोजा, सारखे भरले पाहिजेत.

भिंतीचं सांगते. एका शनिवारी कुठल्याशा कार्यालयातली वीसेक माणसं आली होती. उत्साह प्रचंड. चार वाजता फोटो काढून गेली. मिस्त्रीने भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, सोडला. वरचा गट्टू भिंतीला टेकलेला आणि खाली लोलक भिंतीपासून दोन बोटं लांब, वाऱ्यावर हलल्यासारखा हलतोय. म्हणजे वरची भिंत बाहेर झुकलेली. तो काही बोलला नाही. करणीने वरचे चार थर सोडवले, माल अजून ओला होता म्हणून विटा निघाल्या तरी. ज्यांचं घर होतं ते नवरा-बायको एकेक वीट खरवडून पाण्यात टाकत गेले. वहीत त्या दिवशी "दुरुस्ती, ३ तास" अशी नोंद आहे. दुसऱ्या शनिवारपासून बाईंनी एक काम स्वतःकडे घेतलं: प्रत्येक थराला दोरी ताणायची आणि दर तिसऱ्या थराला ओळंबा लावायचा, समोर कितीही शिकलेला माणूस वीट ठेवत असो.

मग स्वयंसेवक हवेतच कशाला? एक तर एका दिवसात वीस माणसांनी हलवलेली माती दोघांना आठवडाभर पुरली असती. आणि दुसरं, तुमचं घर बांधायला आलेला माणूस पुढे देणगी देतो, सामान मिळवून देतो, कचेरीत तुमच्यासाठी शब्द टाकतो. संस्था त्यांच्यावर चालते. त्यांचा दिवस वाया जाऊ देऊ नका. आदल्या संध्याकाळी विटा भिजवून ठेवा, अवजारं मोजून ठेवा, पाच-पाचांच्या टोळ्या करून प्रत्येकीला एकच काम द्या. आल्या आल्या हेल्मेट, बूट, हातमोजे. शिडीवर आणि छतावर कोण चढणार हे मिस्त्री ठरवेल, पाहुणा नाही.

गिलाव्याच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. नळ कुठून गेलाय, वायर कुठून. पुढे खिळा ठोकताना दुवा द्याल.

पायरी ५: सह्या

इथे घाई नको. कागद आठवडाभर आधी घरी मागा आणि वकिलाकडून किंवा मोफत कायदा सल्ला केंद्रातून वाचून घ्या. शोधायच्या गोष्टी या:

पहिलं, गहाणखत किती आहेत. अनेकदा दोन असतात. समजा घराचा बाजारभाव १४ लाख आहे आणि तुम्हाला ते १० लाखांना मिळालं. १० लाखांचं पहिलं गहाणखत, त्याचे तुम्ही हप्ते भरता. मधल्या ४ लाखांचं दुसरं, त्याला हप्ता नसतो. तुम्ही ठरलेली वर्षं तिथे राहिलात की ते थोडं थोडं माफ होत जातं. लवकर विकलंत तर उरलेलं परत करावं लागतं. लोक याला फसवणूक म्हणतात, मला तसं वाटत नाही. चार लाखांची सूट घेऊन दुसऱ्या महिन्यात १४ लाखांना विकणाऱ्याला आवर घालायला ते असतं. पण किती वर्षांत किती माफ, हा तक्ता कागदावर छापलेला हवा, तोंडी नको.

दुसरं, विकताना पहिला हक्क कोणाचा. बऱ्याचदा संस्था तो स्वतःकडे राखते. तिने किती दिवसांत निर्णय द्यायचा आणि भाव कसा ठरणार ते बघा.

तिसरं, जमीन. कम्युनिटी लँड ट्रस्टच्या पद्धतीत घर तुमचं आणि जमीन ट्रस्टची असते, दीर्घ भाडेपट्ट्याने, पुष्कळदा ९९ वर्षांच्या. १९६९ मध्ये जॉर्जियातल्याच नागरी हक्क चळवळीच्या कार्यकर्त्यांनी याचा पहिला नमुना उभा केला. जमिनीची किंमत तुमच्यावर पडत नाही, म्हणून घर स्वस्त. बदल्यात विकताना भाव एका सूत्राने ठरतो आणि वाढीतला काहीच हिस्सा तुम्हाला मिळतो. ते सूत्र तुमचे आकडे घालून संस्थेकडून सोडवून घ्या: दहा वर्षांनी विकलं तर माझ्या हातात किती?

चौथं, मालक गेला तर. जोडीदार आणि मुलांकडे घर आणि कर्ज कसं जाईल, आणि जोडीदाराचं नाव आत्ताच खरेदीखतावर आहे का. नसेल तर का नाही, हे सही करायच्या आधी विचारा.

पायरी ६: किल्ली मिळाल्यावर

भाड्याच्या घरात नळ गळला की मालकाला फोन करायचा. आता मालक तुम्हीच. हप्त्याबरोबर दर महिन्याला ठरावीक रक्कम दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात टाका, पहिल्या वर्षी काहीच मोडलं नाही तरी. कर आणि विमा हप्त्यातूनच कापला जातो की तुम्ही भरायचा, हे कागदात बघा. नाहीतर वर्षअखेरीस एकदम मोठं बिल दारात येतं.

काम सुटलं, आजारपण आलं आणि हप्ता चुकणार असं दिसलं, तर चुकायच्या आधी संस्थेत जा. मुदत वाढवणं, काही महिने हप्ता कमी करणं हे त्या टप्प्यावर होऊ शकतं. तीन हप्ते थकल्यावर मग फाइल वसुलीच्या टेबलावर जाते आणि तिथला माणूस तुम्हाला ओळखत नसतो. समितीत असताना मी थकबाकीची यादी दर महिन्याला बघायचे. त्यात शेवटी उरायची ती बहुतेक अशीच कुटुंबं, जी लाजेपायी आली नाहीत.

आणि हजेरीची ती वही टाकून देऊ नका. नकाशा, भिंतींचे फोटो, गहाणखताच्या प्रती, हप्त्यांच्या पावत्या, सगळं एका पत्र्याच्या डब्यात त्याच वहीबरोबर ठेवा. दुसरं गहाणखत पूर्ण माफ झालं की त्याची नोंद सरकारी दफ्तरात काढून टाकायला पुष्कळदा तुम्हालाच जावं लागतं, ती आपोआप निघेल असं धरून चालू नका. तेव्हा खिडकीवरचा कारकून हेच कागद मागेल.